बाद फोटो

२ नोव्हेंबर, सोमवार

डोकं पार चक्रावून गेलंय, म्हणून लिहायला बसलोय. एरवी डोक्यात काही आलं की मी हिला सांगून मोकळा व्हायचो. ही दिवसभर हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बोलून बोलून दमून यायची आणि घरात पाऊल टाकलं की म्हणायची, "आता माझ्या तोंडाला कुलूप. तुम्ही बोला, मी ऐकते." मग मी बोलायचो. दोघं निवृत्त झालो तरी आमचं तेच चालू होतं. ऑगस्टमध्ये हिला झटका आला. मेंदूत गुठळी. उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून नुसतं "अं" आणि "ते ते ते". आपण बोलतो ते हिला किती कळतं, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही. मला तर नाहीच नाही.

वाचा सुधारायला दर सोमवारी एक मुलगी घरी येते. तिच्या पदवीचं नाव हातभर लांब आहे, मी तिला वाचाताई म्हणतो. आज तिने नवीनच टूम काढली.

"काका, फोटो काढता येतात?"

"बटण दाबता येतं. पुढचं फोनचं नशीब."

"झालं तर मग. दर सोमवारी मी एक विषय देणार. त्या विषयाचे फोटो तुम्ही काढायचे. आपल्या घरातले, आपल्या गल्लीतले, काकू ज्यांच्यासमोरून रोज जायच्या त्या गोष्टींचे. पुस्तकातली चित्रं नकोत. प्राणी, पक्षी दिसले तर तेही चालतील. छापून आणा, टेबलावर मांडा, एकेकाचं नाव घ्या आणि म्हणा, दाखव. आधी ओळख येते, मग शब्द."

पहिला विषय दिला, पाणी.

जाताना दारात थांबून म्हणाली, महिनाअखेरीला आपण नीट तपासू. समज शाबूत असेल तर उपचार घरीच चालू ठेवायचे. नसेल तर लेकीने तिच्या शहरात एक केंद्र बघून ठेवलंय, तिथे पाठवायचं. तिथे पेशंट राहतात, दिवसभर उपचार, घरच्यांनी फक्त रविवारी भेटायचं. लेकीचा फोन आला तेव्हा तीही तेच म्हणाली, "बाबा, शेवटी आईच्या भल्याचंच बघायचंय ना?"

बघायचंय. पण ही गेली तर या घरात मी बोलू कुणाशी? स्वार्थी आहे हे, मला कळतंय. पण स्वतःच्याच डायरीत खोटं कशाला लिहू?

४ नोव्हेंबर

मी बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. उजेडासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या आणि मी बघत बसायचो. बुडबुडा, केसाएवढी चीर, वाकडा गळा. दिसलं की बाद. तेव्हा फोटो चांगला कोणता हे मला कुणी शिकवायला नको. पण माल तपासणं वेगळं आणि माल काढणं वेगळं, हे आज कळलं.

स्वयंपाकघरातल्या नळापासून सुरुवात केली. नळ चकचकीत. फोटो मोठा करून बघतो तर नळाच्या फुगीर अंगावर माझं थोबाड, नाक भोपळ्याएवढं, हातात फोन. मग बादली काढली, ती ठीक आली. नंतर कालव्यावर गेलो. तिथे एक बगळा एका पायावर उभा होता. फोटो काढताना उन्हाकडे पाठ करावी असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून केली. बगळा झकास आला, पण माझी सावली टोपीसकट पाण्यावर पसरली, ती थेट त्याच्या पायापर्यंत.

स्टुडिओवाला फोटो छापताना म्हणाला, "काका, यात तुम्ही पण आलाय की."

म्हटलं, "दिसतंय मला. म्हणूनच तो फुकट गेला."

पण पुन्हा काढायला वेळ नव्हता. चांगले, वाईट, सगळेच छापून घरी आणले.

९ नोव्हेंबर, सोमवार

काहीच समजत नाही.

चार दिवस सराव घेतला. "पाणी दाखव," म्हटलं, तर हिने सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली आणि नळ उचलला. मी खुर्चीतून उठलोच. "बगळा दाखव," म्हटलं, तर बगळा उचलला! मी म्हटलं, जिंकलो. पण पुढे गाडी रुळावरून घसरली. दोन्ही फोटो हिने गाऊनच्या खिशात टाकले. द्यायलाच तयार नाही. "बादली दाखव," तर खिशातून नळच काढला. "कालवा दाखव," तरी नळ. तो नळ माझ्या नाकासमोर नाचवते आणि अशी बघते की जसं काही मीच परीक्षेला बसलोय आणि नापास होतोय. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं, तोडून तोडून सांगितलं. बा-द-ली. हिने डोळे मिटून घेतले.

वाचाताईला आज खरं काय ते सांगितलं. दोन बरोबर, बाकी सगळे चूक. ती म्हणाली, "घाई नको, काका. तुम्ही एक प्रश्न विचारला की थोडं थांबता ना?" म्हटलं, थांबतो की. आता मी किती थांबतो हे काय मी मोजत बसतो?

नवा विषय दिला, पंख.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट कबूल करतो. मजा आली. हिला शेजारणीच्या हवाली करून मी कालव्यावर जाऊन बसलो. समोर तारेवर खंड्या, निळाजर्द. खंड्याचा फोटो काढायचा तर हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा. मी आणि न बोलणं! पण जमलं. तो पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला आणि मी बटण दाबलं. आजवर काढलेल्यांत एकही दोष नसलेला हा पहिलाच फोटो. चतुरही मिळाला, गवताच्या काडीवर, त्याच्या पंखांतून पलीकडचं दिसतंय. पारवे, फुलपाखरू, छपराखाली टांगलेलं एक वटवाघूळ. बेकरीच्या काचेपुढे एक चिमणी चुरा टिपत होती, तिचाही काढला. पण काचेत मी वाकून उभा, चिमणीपेक्षा मीच जास्त दिसतोय.

घरी आलो तर ही खिडकीशी बसलेली. मला बघितल्याबरोबर डाव्या हाताने उशी फेकून मारली. नेम चुकला नाही.

शेजारीण म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून नुसत्या दाराकडे बघतायत."

बाथरूमला जायचं असणार. विचारलं, तर मान जोरजोरात नाही म्हणून हलवली. म्हणजे हो असेल. आजकाल हिचं हो म्हणजे नाही आणि नाही म्हणजे हो असतं की काय, तेही कळायला मार्ग नाही.

१४ नोव्हेंबर

खंड्या मोठा छापून आणला. स्टुडिओवाल्याने तो काचेत लावायला मागितला, इतका झकास आलाय. मी तो हिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "हा बघ, खंड्या! बघ तरी!" हिने बघितला. दूध उतू गेलं की ज्या नजरेने बघतात त्या नजरेने बघितलं आणि बाजूला सारला. चतुर सारला, वटवाघूळ सारलं. आणि चिमणी घेतली खिशात. ती बेकरीची. भिकारातली भिकार.

जन्मभर मी माल तपासला. हिला नेमका बादच माल कसा आवडतो?

१५ नोव्हेंबर, रविवार

विचार करून एक ठरवलंय. वाईट फोटो समोर असतील तर आजारी माणसाचा गोंधळ होणारच. माझीच चूक. आज नळाच्या मागे पांढरा पंचा धरून, बाजूने, पुन्हा फोटो काढला. स्वच्छ. नुसता नळ. कालव्यावर जाऊन, ऊन एका बाजूला ठेवून, बगळा काढला. मग दुपारी ही झोपली असताना खिशातले जुने तिन्ही फोटो हळूच काढून घेतले, फाडले आणि टोपलीत टाकले. कारखान्यातही बाद बाटली फोडूनच टाकायचो, नाहीतर ती फिरून पट्ट्यावर येते.

१६ नोव्हेंबर, सोमवार

उलटंच झालं. ही आज कुठल्याच फोटोकडे बघेना. खिसा चाचपला, रिकामा लागला, पुन्हा चाचपला. वाचाताई समोर असताना टेबलावरचे सगळे फोटो एका हाताने खाली लोटून दिले. नवा नळ, नवा बगळा, खंड्या, सगळं जमिनीवर. वाचाताईने वहीत काहीतरी टिपलं. तिचा चेहरा उतरला होता, लपवायचा म्हटला तरी दिसतोच.

मी म्हटलं, "ही अशी नव्हती हो. एका वेळी दहा-दहा फोन सांभाळायची, कुणाचा वॉर्ड कुठला ते तोंडपाठ. आज थकली असेल. रात्री झोपही नीट लागली नाही. सकाळी दूध पण..."

"काका," वाचाताई म्हणाली, "काकूंनाही जरा वेळ द्या."

आता यात मी कुठे आड आलो?

नवा विषय, चाक.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

सायकल, हातगाडी, बाळाची ढकलगाडी असे फोटो काढून घरी आलो. दार उघडतो तर ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली. कागदाची टोपली उपडी केलेली. मी रद्दी विकायला म्हणून ती आठवडाभर साठवतो, त्यामुळे सगळं तिथेच होतं, वर्तमानपत्रं, पाकिटं, औषधांची खोकी. त्या ढिगाऱ्यात बसून ही त्या नळाच्या फोटोचे तुकडे एका हाताने जोडत होती. एक तुकडा धरला की दुसरा सरकायचा. तीन-चारदा तसंच झालं. मग माझ्याकडे बघून रडायला लागली. झटका आला तेव्हापासून ही एकदाही रडलेली नव्हती. मी हिला उठवलं, खुर्चीत बसवलं आणि बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. खूप बोललो.

कचरा उपसणं हे लक्षण चांगलं नाही. कुठेतरी वाचलंय मी.

लेकीपासून लपवावं असं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण ते बरोबर झालं नसतं. हिचा त्यात तोटा झाला असता. म्हणून फोन करून सांगितलं.  लेक म्हणाली, "आई? आई कचऱ्यात बसली होती?" आणि मग, "मी येते, बाबा. केंद्रात एक जागा धरून ठेवायला सांगते."

मीच सांगितलं आणि मीच आता हात चोळत बसलोय.

२३ नोव्हेंबर, सोमवार

चाकांचे फोटोही हिने बघितले नाहीत. पुढच्या सोमवारी तपासणी. शेवटचा विषय, घरातली माणसं.

वाचाताई म्हणाली, "हा सगळ्यात सोपा असतो. रोजचे चेहरे असतात ना."

सोपा असून ही चुकली, तर?

२६ नोव्हेंबर

जिवाचं रान करतोय. हिचा फोटो खिडकीच्या उजेडात काढला. आधी तोंड फिरवलं, मग फोनमध्ये बघितलं, मग फोन घ्यायला डावा हात पुढे केला. पडेल म्हणून दिला नाही. शेजारणीचा काढला, रोज येते म्हणजे ती घरचीच. वाचाताईचा सोमवारीच काढून ठेवला होता. खिडकीत येणाऱ्या मांजरीचाही काढला, तीही पोटभर जेवूनच जाते. लेकीचा जुना फोटो अल्बममधून घेऊन पुन्हा छापला. नातवाचा तिने पाठवला.

या वेळी आरशापासून लांब उभा राहिलो, काचेपासून लांब, सावली कुठे पडतेय ते दहादा बघितलं. एकाही फोटोत मी कुठे कोपऱ्यातसुद्धा येणार नाही, अशी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतलीय. बाद करायला जागाच ठेवली नाही. आता सगळं हिच्या हातात आहे.

२९ नोव्हेंबर, रविवार

लेक आली. दारातच आईच्या गळ्यात पडली. हिने तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला, केसांतून फिरवला, हनुवटी धरून चेहरा बघितला. लेक मला म्हणाली, "ओळखते ना मला, बाबा?" मी म्हटलं, "असं वाटतं तरी." मग लेकीने मोठी बॅग काढली आणि आईच्या कपाटातले गाऊन, स्वेटर, टॉवेल घड्या करून एका बाजूला ठेवायला लागली. उद्याचं ठरलं नाही, नुसती तयारी म्हणून. ही पलंगावरून एकेक घडी बघत होती. मी लेकीला केंद्रातल्या जेवणाचं विचारलं, अंघोळीचं विचारलं, खिडकी आहे का ते विचारलं. मला गप्प बसवेना.

३० नोव्हेंबर, सोमवार

जे जसं झालं तसं लिहून ठेवतो. अर्थ नंतर लावता येईल.

वाचाताईने सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले. ही मधल्या खुर्चीत, लेक शेजारी, मी मागे उभा. वाचाताई म्हणाली, "काकू, तुमच्या घरातलं माणूस दाखवा. तुमच्याबरोबर या घरात कोण राहतं?"

हिने फोटो बघितले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेजारीण, मांजर, लेक, नातू, वाचाताई, ही स्वतः. पुन्हा पहिल्यापासून बघितले. एक उचलून त्याच्या खाली बघितलं. मग दुसरा उचलून त्याच्या खाली. वाचाताई थांबली. लेकीने रुमाल काढला.  सहा चेहरे समोर आणि हिला त्यातला एकही सापडेना. मी म्हटलं, "हे बघा, हिला लेकीचा चेहरा कालच ओळखता आलाय, आज नवीन जागी बसवलंय म्हणून, एरवी ही खिडकीकडे तोंड करून बसते, आणि सकाळची गोळी जरा उशिरा झाली, मी म्हणतो दुपारी पुन्हा एकदा..."

हिने डावा हात टेबलावर दाणकन आपटला.

"गप्प बसा जरा!"

स्पष्ट. खणखणीत. एक्स्चेंजवरचा आवाज. कुणी तरी दुसरंच बोललं असं वाटून मी दाराकडे बघितलं. लेकीच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

मग हिने मागे न बघताच हात लांब केला, माझ्या शर्टाची बाही पकडली आणि ओढलं. मी वाकलो. हिने आणखी ओढलं, अगदी टेबलाशी नाक लागेपर्यंत. मला त्या फोटोंच्या ओळीत धरून ठेवलं आणि वाचाताईकडे बघून बोट माझ्या गालावर टेकवलं. जोरात. अजून दुखतंय.

वाचाताईने विचारलं, "काका, तुमचा फोटो कुठाय?"

"माझा? मी काढणारा. माझा कसा येईल?"

"आधीच्या कुठल्या फोटोत आलाय का तुम्ही?"

"छे. म्हणजे आलोय, पण ते बाद."

लेकीने माझ्या हातातून फोन घेतला. फोनमधून मी काही पुसलं नव्हतं. नळ, बगळा, बेकरीची चिमणी. "आई यातले कुठले घ्यायची?" मी दाखवले. लेकीने ते वाचाताईला दाखवले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा," लेक म्हणाली, "अहो बाबा."  हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. वाचाताईने हिचा डावा हात धरला आणि म्हणाली, "काकू, तुमचं सगळं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून." आणि ही! ही मान हलवते, हलवते, थांबतच नाही.

केंद्र रद्द. वाचाताई म्हणाली, समज पूर्ण आहे, शब्द अडकलेत. रागातले शब्द कधी कधी आधी बाहेर पडतात, ते जिभेला सवयीचे असतात. बाकीचे मागून येतील, पण तुम्ही त्यांना वाट द्या. मला बजावून सांगितलंय, "काकूंनी सुरुवात केली की तुम्ही तोंड उघडायचं नाही. शब्द आठवला तरी सांगायचा नाही. कितीही वेळ लागू दे."

लेकीने गाऊन पुन्हा कपाटात लावले. हिची समज शाबूत आहे, मला लाज वाटते आणि आनंद झालाय, एवढं कळतं. पण भोपळ्याएवढ्या नाकाचा तो नळ हिला का हवा होता, ते मात्र अजून डोक्यात शिरत नाही. मी तर दिवसभर समोरच असतो.

१ डिसेंबर

लेक सकाळी परत गेली. संध्याकाळी आम्ही दोघंच. हिने माझ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली, "तु... तु..."

मी गप्प बसलो. किती कठीण असतं ते! तोंडात शब्दांची नुसती रांग लागली होती. तुळस? तुकडा? तुला काही हवंय का? सगळे दातांमागे अडवले. ही थांबली. डोळे मिटले, पुन्हा उघडले. "तु... तुम्..." कपाळावर घाम आला. मी हात मांडीखाली दाबून धरले. बाहेर कुणाचं तरी दार वाजलं, कुणीतरी जिना उतरलं, पाण्याची मोटर सुरू झाली आणि बंदही झाली.

"तुम्ही," ही म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "दमलात."

महिनोन् महिने मी तोंडाची टकळी चालवतोय, पण मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. 'नाही' असं म्हणायला तोंड उघडलं, पण ही बघत होती.

मी म्हटलं, "हो."